छपरावरचं रुखवत

रुखवत डिकीत मावणार नाही, असं बायकोने जाहीर केलं तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. माझं लक्ष उडालं आणि बिस्किट तळाला गेलं. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात मी त्या बिस्किटापासून धरतो. दुसरी कुठलीही सुरुवात धरली की ती फिरून माझ्यापाशीच येऊन थांबते.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं होतं, कोल्हापूरला. भाची एकुलती एक. बहिणीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यामुळे कन्यादानाला मामा-मामीने बसायचं, हे बहिणीने स्थळं बघायला लागल्यापासूनच मला सांगून ठेवलं होतं. सांगून म्हणजे बजावून. कारण पलीकडे भाचीचे चुलते होते आणि रीतीने पाहिलं तर पहिला मान त्यांचा. पण भाऊ गेल्यावर या गृहस्थांनी वहिनीच्या घराकडे जी पाठ फिरवली, ती थेट लग्नपत्रिकेत आपलं नाव कितव्या ओळीत येतंय हे बघायलाच तोंड वळवलं.

"दादा, तू वेळेवर आला नाहीस ना, तर ते पाटावर बसतील," बहीण फोनवर म्हणाली होती. "त्यांना नुसतं निमित्त हवंय. माझ्या मुलीचा हात त्यांनी धरून द्यायचा, हे मला नाही बघवणार."

"अगं, कोल्हापूरला यायचंय, कॅनडाला नाही. सकाळी निघालो की मुहूर्ताच्या आधी तुझ्या दारात."

मुहूर्त दुपारचा होता. आदल्या दिवशी जाऊन राहायचं, तर नेमकं त्याच दिवशी आमच्या कंपनीत ऑडिट. ऑडिटच्या दिवशी रजा मागणाऱ्या माणसाकडे आमचे साहेब जसं बघतात तसं मी कुणाकडे बघितलं असतं तर बायकोने मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून ठरलं की लग्नाच्या दिवशी उजाडताच निघायचं. गाडी नवी, विजेवर चालणारी. घरी चार्ज करायची, टाकी भरायची भानगड नाही, धूर नाही, आवाज नाही. मी तिचं एवढं कौतुक सांगायचो की सोसायटीतली माणसं मला लांबून बघून लिफ्टऐवजी जिन्याने जायला लागली होती.

तर रुखवत. मुलीकडच्यांनी लग्नात मांडायचा हा शोभेचा संसार असतो. आमच्याकडे तो माझ्या बायकोने आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींनी मिळून मांडायला घेतला होता. सुपाऱ्यांची वरात, लोकरीचं तुळशीवृंदावन, साखरेचा हलवा लावलेली छोटी छोटी भांडी, पुठ्ठ्याचा बंगला आणि त्या बंगल्यासमोर काडेपेटीएवढी गाडी. यातलं काहीही एकमेकांवर ठेवायचं नाही. डिकीत आहेराच्या साड्या, कपड्यांच्या बॅगा. मागच्या सीटवर कॉलेजला जाणारी आमची मुलगी.

"मग छपरावर बॉक्स बसवू," मी म्हणालो. "दोन आडव्या पट्ट्या टाकायच्या, त्यावर तो लांबट प्लॅस्टिकचा डबा. झाकण लावलं की धूळ नाही, ऊन नाही. आमच्या मेंटेनन्समधल्या एकाकडे पडलाय. हिमाचलला गेला होता तो घेऊन."

"गाडी ओढेल का एवढं?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न तिने साधेपणाने विचारला होता. मला तो खात्याच्या अब्रूचा वाटला. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे दरवाजे, बॉनेट असले पत्र्याचे भाग आमच्याकडे दाबून निघतात आणि ते नीट दाबले गेलेत की नाही हे बघत माझं अर्धं आयुष्य गेलं. क्वालिटीच्या माणसाला एक रोग असतो. ट्रायल घेतल्याशिवाय तो आमटीत मीठसुद्धा टाकत नाही.

"ट्रायल घेऊ," मी म्हणालो.

मेंटेनन्सवाल्या मित्राने कंपनीच्या पार्किंगमध्ये डबा बसवून दिला. "भावा, लग्नाला चाललायस, हलता कामा नये," म्हणत त्याने खालून दोन जादाचे बोल्ट घातले आणि शॉपमधला लांब दांड्याचा पाना आणून ते असे आवळले की मला गाडीची दया आली. डबा काळा, पुढे निमुळता, लांबीला जवळपास छपराएवढा. मुलीने त्याचं नाव पाणबुडी ठेवलं. सोसायटीच्या गेटवरच्या काकांनी फेरी मारून सगळीकडून बघितलं आणि विचारलं, "साहेब, यात ड्रायव्हर झोपतो का?"

डब्यात मी रुखवताच्या वजनाची रद्दी भरली आणि आठवडाभर चिखलीहून चाकणला जा-ये केली. मोशीपासून चाकणपर्यंतचा रस्ता ज्यांना माहीत नाही, त्यांना तो समजावून सांगणं अवघड आहे. त्याला रस्ता म्हणतात, पण तो एक लांबलचक पार्किंग आहे आणि अधूनमधून सगळे मिळून जरा पुढे सरकतात. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, मध्ये कंपन्यांच्या बसेस, आणि उरलेल्या फटीत दुचाकी. मी त्या रस्त्यावर जेवणाचा डबा उघडून पोहे खाल्लेत, फोनवर मीटिंगा उरकल्यात. एकदा तर गाडीतून उतरून शेजारच्या गाडीतल्या जुन्या दोस्ताला टाळी दिली, त्याच्या आईची तब्येत विचारली आणि परत येऊन बसलो, तरी मागच्याने हॉर्न मारला नव्हता.

आठवड्याच्या शेवटी मी निकाल काढला. एका चार्जमध्ये गाडी पूर्वी जेवढी जायची तेवढीच गेली होती. थोडी जास्तच, कारण त्या आठवड्यात मी एसी कमी लावला होता. रात्रीच्या जेवणाला मी सांगून टाकलं, "डबा असो वा नसो, काडीचा फरक नाही. कोल्हापूर एका चार्जमध्ये. वाटेत फक्त चहाला थांबायचं."

"नक्की?" बायको म्हणाली.

"ट्रायल ओके."

मुलीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. तिने काढली असती तरी मी ऐकलं नसतं.

लग्नाच्या दिवशी निघायला जरा उशीरच झाला, कारण बंगल्यापुढे चिकटवलेलं एक झाड निघून आलं आणि ते परत चिकटवेपर्यंत कुणी झाकण लावू देईना. बाकी सगळं झकास होतं. गाडी शंभर टक्के. बायको साध्या साडीत. शालू तिथे जाऊन नेसायचा. माझं पितांबर आणि उपरणं वेगळ्या पिशवीत. वाकडच्या पुढे बायपासला लागलो आणि समोर चक्क मोकळा रस्ता दिसला. रोज चाकणला रांगणाऱ्या माणसाला मोकळा रस्ता दिसला की त्याचं काय होतं हे मी त्या सकाळी अनुभवलं. पाय आपोआप खाली गेला. शंभरच्या आसपास गाडी तरंगायला लागली.

आणि वरून शीळ ऐकू आली.

आधी मला वाटलं मुलीच्या मोबाइलमध्ये काहीतरी वाजतंय. मग वाटलं खिडकी नीट लागली नाही. खिडक्या खालीवर केल्या. शीळ तशीच, बारीक, न थांबणारी, कुकरची शिट्टी होता होता राहते तशी. वेग कमी केला की गप्प, वाढवला की सुरू.

"पाणबुडी गातेय," मुलगी म्हणाली.

कात्रजचा बोगदा ओलांडला. शिवापूरचा टोलनाका आला तेव्हा मी सहज पडद्यावरच्या आकड्याकडे बघितलं आणि दुसऱ्यांदा सहज नाही बघितलं. रोजच्या हिशेबाने पंधरा टक्के खर्च व्हायला हवे होते. बावीस गेले होते. मी नजर रस्त्यावर ठेवली. पण बायकोला न बोललेलं जास्त लवकर कळतं.

"काय झालं?"

"काही नाही. चढ होता."

"आता उतार आहे."

"हो. आता बघ कसे वाचतात."

वाचले नाहीत. मी एसी बंद केला. गाडीत उकडायला लागलं. बायकोने काच खाली केली, तर मी ओरडलो, "काच लाव! हवा धरते!" आणि माझ्याच तोंडातून हवा हा शब्द बाहेर पडला तेव्हा डोक्यात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. चाकणच्या रस्त्यावर हवा नाहीच. म्हणजे धूर आहे, धूळ आहे, पण अंगावर येणारी हवा नाही, कारण अंगावर येण्याएवढा वेगच कुणाला मिळत नाही. बैलगाडीच्या चालीने डब्याची ट्रायल घेतली तर डब्याला काय कळणार? वेग दुप्पट झाला की हवा चौपट अडवते, हे मी बारावीला पाठ केलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते. इथे तर मी रुखवत भरलेला डबा हवेच्या तोंडासमोर धरून तिला आग्रह करत होतो की घे, खा.

असली चूक करायला चाकणलाच नोकरी लागते. दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाने आठवडाभरात एकदा तरी ऐंशीचा वेग गाठला असता.

खंबाटकीचा घाट चढताना टक्के डोळ्यांदेखत गळत होते. पुढे उतारावर दोन परत आले तर मी हरखून मुलीला दाखवले. ती म्हणाली, "बाबा, रस्त्याकडे बघा." साताऱ्याच्या अलीकडे तीस आणि काहीतरी उरले होते. कोल्हापूर अजून तेवढंच लांब. चहा प्यायला नाही, चार्ज करायला थांबावंच लागलं.

हायवेलगतच्या एका हॉटेलच्या मागे चार्जर होता. दोन गन, पेट्रोल पंपावर असतात तशा, त्यातली एक बंद. तिच्यावर कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. दुसऱ्या गनला एक गाडी लागलेली, तिच्यामागे एक थांबलेली, आणि मग आम्ही. थांबलेला गृहस्थ बाहेर खुर्ची टाकून उसाचा रस पीत होता.

"तुमचे किती?" त्याने विचारलं.

"एकतीस. तुमचे?"

"अकरा." असं म्हणून तो हसला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला कुणाचं कन्यादान नव्हतं.

मी गाडीभोवती फिरलो. हॉटेलभोवती फिरलो. गन लागलेल्या गाडीचा आकडा काचेतून दिसतो का ते बघितलं, तर आत झोपलेल्या बाईने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की मी नमस्कार करून मागे सरलो. शेवटी बायकोनेच तोंड उघडलं.

"डबा काढा."

"काय?"

"काढा आणि ठेवा इथे, यांच्या मॅनेजरला सांगून. येताना घेऊन जाऊ. रुखवत नसलं म्हणून लग्न अडत नाही. तुम्ही नसलात तर ते चुलते बसतील."

त्या रुखवतापायी किती दुपारी तिच्या सुया-दोऱ्यात गेल्या हे मी बघितलं होतं. ती हे म्हणाली याचं मला एवढं वाटलं की मी लगेच छपराकडे धावलो. वरचे खटके सुटले. खालचे बोल्ट हातानेच काय, हॉटेलच्या जनरेटरवाल्याकडच्या पान्यानेही हलेनात. पाना निसटून माझी बोटं तेवढी सोलून निघाली. माझ्या दोस्ताने मैत्रीला जागून काम केलं होतं.

"रुखवत तरी उतरवू," मी म्हणालो.

"नुसतं रुखवत उतरवून काय? खातोय तो डबा," मुलगी म्हणाली. ते बरोबर होतं, म्हणून मी तिला ओरडलो.

आमचा नंबर लागायच्या सुमारास बहिणीचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"कुठे आलास दादा?"

"साताऱ्याच्या जवळ."

"अजून साताऱ्याला?" तिचा आवाज एकदम खाली गेला. "अरे, हळद उतरली. भटजी विचारतायत."

तिच्या मागून मोठा मोकळा आवाज आला, "पाव्हणं न्हाई आलं का? न्हाई आलं तर ऱ्हाऊ द्या की. मी पितांबर नेसूनच ठेवतो. तयारीत असलेलं बरं!"

मी म्हणालो, "मी पोचतो. तू काळजी करू नकोस," आणि फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्या हाताने चार्जरच्या खांबाला धरून ठेवलं होतं, जसं काही तो पळून जाणार होता.

तिथे पोचून कपडे बदलण्यात वेळ घालवायचा नाही असं मी ठरवलं. पिशवी घेतली आणि हॉटेलच्या न्हाणीघरात शिरलो. ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून पितांबर नेसणं हा एक वेगळाच योगासनाचा प्रकार आहे. बाहेर आलो तो गाडीला गन लागली होती. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. उघड्या अंगावर उपरणं, खाली जांभळं पितांबर, पायात स्पोर्ट्स शूज, कारण चपला कुठल्या बॅगेत आहेत हे कुणालाच आठवेना. एक कुटुंब जेवून बाहेर पडत होतं. त्यातल्या आजोबांनी माझ्याकडे, गाडीकडे, गनकडे नीट बघितलं आणि हात जोडून विचारलं, "नवीन गाडी का? पूजा इथेच?"

"नाही हो. लग्नाला चाललोय."

"कुणाच्या? तुमच्या?" त्यांच्या नातवाने विचारलं आणि त्याच्या आईने त्याला ओढून नेलं. तोपर्यंत बायको शालू नेसून आली होती. तिच्याकडे बघून मात्र कुणी काही विचारलं नाही. शालूत बाई कुठेही शोभते.

आता प्रश्न असा होता. थांबून भरपूर भरायचं आणि जोरात जायचं, की आहे तेवढ्यावर निघायचं आणि हळू जायचं? हळू गेलं की हवा कमी अडवते, म्हणजे कमी टक्क्यांत पोचतो. कागदावर दोन्हीचा वेळ साधारण सारखाच निघाला. बायको म्हणाली, "बसा की थोडं, होऊ दे." तिचं बरोबर असेल. पण मला बसवेना. पडद्यावरचा प्रत्येक टक्का जांभई देत देत वर चढत होता. साठच्या आसपास आला तेव्हा मी गन उपसली.

"पुरेल?" तिने विचारलं.

"साठच्या वेगाने गेलो तर."

हायवेवर साठने जाणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. सगळं जग तुम्हाला ओलांडून जातं. ट्रक जातात, एसटी जाते, टपावर कोंबड्यांच्या जाळ्या बांधलेला टेम्पो जातो. एका मोटरसायकलवरून तिघं गेले, तिघांनीही वळून बघितलं. उपरणं घेऊन साठने चाललेला माणूस त्यांना कुठल्यातरी मठाचा वाटला असावा, कारण मधल्याने नमस्कार केला. माझा पाय पेडलवर होता आणि दाबायचा नाही हे त्याला सतत सांगावं लागत होतं. आयुष्यात मी इतकं हळू कधी इतक्या घाईने गेलो नाही.

उंब्रजच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं आणि वाहतूक बाजूच्या कच्च्या वळणावर घातली होती. तिथे उसाच्या ट्रॅक्टरमागे सापडलो. दोन ट्रॉल्या, वर आभाळाएवढा ऊस. मुलगी म्हणाली, "बाबा, आता हवा तो अडवतोय. आपला खर्च कमी होतोय बघा." खरंच होत होता. टक्के वाचत होते आणि वेळ जात होता. मी कधी आकड्याकडे बघायचो, कधी घड्याळाकडे. दोन्हीकडे एकदम बघून समाधान होईल अशी एकही जागा त्या गाडीत नव्हती. बायकोने माझ्या घामेजलेल्या मानेवर गाडीच्या माहितीपुस्तकाने वारा घालायला सुरुवात केली.

"त्या चुलत्यांनी भावाच्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी शेताच्या बांधावरून भांडण काढलं होतं," ती मध्येच म्हणाली.

"माहितीये."

"त्या माणसाच्या हातात पोरीचा हात."

"अगं, माहितीये मला!"

मी ओव्हरटेक केलं. शीळ लगेच सुरू झाली. पुन्हा साठवर आलो. शीळ थांबली.

कराड मागे पडल्यावर बहिणीला फोन लावला. भाचीने उचलला.

"मामा, कुठपर्यंत आलास?"

"अगं, तू फोनवर काय करतेस? आईला दे. आणि भटजींना सांग, जरा मंगलाष्टकं लांबवा. दोन कडवी जास्त म्हणा म्हणावं."

"मामा, तू घाई करू नकोस. सावकाश ये. आमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

तिकडे बँडवाल्यांनी एकदम सुरुवात केली. ती काहीतरी म्हणाली, ते ताशात गेलं, मग फोन कट झाला. परत लावला तर उचलेना.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"ठरलंय म्हणाली."

ठरलंय म्हणजे चुलतेच बसणार, असं आम्ही तिघांनीही धरलं. पेठ नाका आला, गेला. किणीच्या टोलनाक्यावर पैसे आपोआप कापले गेले आणि दांडा वर जायला क्षणभर जो वेळ लागला, तेवढ्यात मी त्या दांड्याला काय काय म्हणालो ते मुलीने ऐकलं. ती आजतागायत मला ते ऐकवते. बायकोने पुस्तक मांडीवर ठेवून डोळे मिटले होते. झोपली नव्हती. अंगठ्याने शालूचा काठ घडी करत होती, सोडत होती.

हॉल कोल्हापूरच्या अलीकडेच, हायवेला लागून. कमानीखालून आत शिरलो तेव्हा गाडीत चार टक्के होते. गेटवरच्या माणसाने पार्किंग मागे दाखवलं. मी गाडी तिथेच सोडली, किल्ली मुलीकडे फेकली आणि पितांबराच्या निऱ्या हातात धरून पळालो. मागून बायको शालू सावरत. पायात स्पोर्ट्स शूज होते म्हणून पळता तरी आलं.

हॉलच्या दारात अक्षता पसरलेल्या होत्या. म्हणजे पडून गेल्या होत्या. माणसं जेवणाकडे वळत होती, पोरं आइस्क्रीमच्या टेबलाकडे. मंगलाष्टकं संपली होती. मी त्या गर्दीतून आडवा घुसत पुढे गेलो आणि स्टेजसमोर येऊन थबकलो.

पहिल्या रांगेतल्या लाल सोफ्यावर चुलते बसले होते. पिवळं पितांबर, उपरणं, कपाळाला गंध, हातात काही नाही.

वर पाटावर माझी बहीण बसली होती. एकटी. साधी हिरवी साडी, डोक्यावर पदर. तिच्या ओंजळीवर नवऱ्यामुलाचा हात, त्यावर भाचीचा हात. भाची मला बघून हसली नाही. तिचं सगळं लक्ष आईच्या हातांवर होतं.

भटजींनी मान वर केली. "पाणी कोण घालणार? पाटावर तुम्ही बसलात, ठीक आहे. धार धरायला कुणीतरी हवं."

बहिणीने आजूबाजूला बघितलं. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं. तिची नजर माझ्यावर आली, माझ्या उघड्या छातीवरून पितांबरावर, पितांबरावरून बुटांवर. तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती माझ्या मागे बघत म्हणाली, "वहिनी, या. तुम्ही घाला."

बायकोने तिची पर्स माझ्या हातात कोंबली, चपला तिथेच सोडल्या आणि वर गेली. तिचे अर्धे केस सुटले होते, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. भटजींनी तांब्या दिला. ती बहिणीच्या शेजारी गुडघ्यावर बसली.

मला कुठे उभं राहावं ते कळेना. चुलत्यांनी सोफ्यावर जरा सरकून जागा केली.

"बसा, मामासाहेब."

मी बसलो. दोन पितांबरं शेजारीशेजारी, एक पिवळं, एक जांभळं. मांडीवर पर्स. मग ते समोर बघतच म्हणाले, "मी पाटापर्यंत गेलो हुतो. वहिनी म्हणाली, भावजी, तुमी खाली बसा. सगळ्यांम्होरं."

"हं."

"पोरगी पण म्हणाली. आईच बसणार म्हणाली."

मला त्यांची कीव करायची इच्छा नव्हती आणि तरी तोंडात काही कठोर येईना, कारण खाली बसायला मलाही सांगितलं होतं; माझ्या बाबतीत ते नुसतं नजरेने झालं होतं. सकाळपासून मी जिच्यासाठी धावत होतो तिने माझी वाट बघितली नव्हती, हे छातीत कुठेतरी खुपत होतं. आणि ते हात ज्यांनी धरायचे त्यांनीच धरलेत, हेही मला समोर दिसत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्यातलं कुठलंच बसून राहू देईना.

"धार तोडू नका," भटजी म्हणाले. "बारीक. सावकाश."

तांब्यातून पाणी पडायला लागलं. भाचीच्या बोटांवरून मुलाच्या बोटांवर, तिथून माझ्या बहिणीच्या तळव्यात आणि खालच्या परातीत. बायकोने धार तुटू दिली नाही. बहीण मान खाली घालून पाण्याकडे बघत होती. तिचा पदर घसरला तर भाचीने दुसऱ्या हाताने तो वर घेतला.

चुलत्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड, खरबरीत हात.

"पाय हलवू नका ओ," ते हळूच म्हणाले. "सगळा सोफा हालतोय."